शाळेचा बाहेरकाठा कोण राखणार?



आपल्या जिल्हा मेळाव्यात भाताच्या भावावर बोलणे होते, खारबंदिस्तीवर होते, भूसंपादनावर तर तावातावाने होते. शाळेवर होत नाही. शाळा हा गुरुजींच्या संघटनांचा आणि जिल्हा परिषदेचा प्रश्न, आपला नव्हे, अशी समजूत पक्की झाली आहे. ही समजूत आपल्याला फार महागात पडते आहे.

हिशेब साधा आहे. दिवा–रोहा गाडीने नागोठणे सोडले की निडी येते. या पट्ट्यातल्या कुठल्याही फाट्यावर सकाळी उभे राहा. खासगी शाळांच्या गाड्या वाडीवाडीतून पोरे उचलताना दिसतील. फी, गाडीभाडे, गणवेश, वर पुन्हा शिकवणी. खरिपाच्या भातातून खर्च वजा जाता जे काही हाती उरते ते या चार खात्यांत जाते, आणि पुरले नाही तर बचत गटाच्या कर्जातून भर पडते. जवळच जिल्हा परिषदेची शाळा उभी असते. तिच्या गुरुजींचा पगार, तिची इमारत, तिची पुस्तके, सारे आपल्याच करांतून. म्हणजे शेतकरी शाळेचे पैसे दोनदा भरतो, आणि पोर काय शिकले हे विचारायला दोन्हीकडे एकदाही जात नाही.

ही तक्रार जुनी आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी हेच मांडले होते. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हा त्यांचा मुद्दा. प्राथमिक शाळेचा मास्तर शेतकरी वर्गातला असावा, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये, ही त्यांची अपेक्षा. त्याला एकशे चाळीस वर्षे उलटून गेली. मास्तर आता शेतकऱ्यांच्या घरांतून येतात. शाळा मात्र गावाची झालेली नाही.

तीन शब्द आणि त्यांचा उलटा क्रम

शाळा सुधारायच्या म्हणून हल्ली तीन शब्द सगळीकडे ऐकू येतात: नेतृत्व, भावनिक शिक्षण आणि वर्गातले तंत्रज्ञान. त्यांची थट्टा करून भागणार नाही. तिन्ही गोष्टी शाळेला लागतात. चुकतो तो क्रम. आधी यंत्र येते, कारण यंत्राची खरेदी होते आणि खरेदीत पुष्कळांना रस असतो. मग मनाचे शिक्षण येते, तेही परिपत्रकातून, अहवालाच्या एका रकान्यापुरते. नेतृत्व सर्वांत शेवटी. बहुधा ते येतच नाही, कारण त्यासाठी पद भरावे लागते आणि माणसावर विश्वास टाकावा लागतो.

क्रमाचे महत्त्व आपल्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. खाडीचे पाणी अडवायचे तर आधी बाहेरकाठा. तो भक्कम झाला की पावसाचे पाणी शेतात साठवायचे, ओहोटीला उघाडीतून बाहेर काढायचे, असे करत मातीतला क्षार धुऊन काढायचा. त्यानंतर बियाणे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणारी भाताची वाणे काढली. आमच्या शेतकीच्या अभ्यासात त्यांचे गुण तोंडपाठ असत. पण कितीही उत्तम वाण आणा, बांधाला खांड गेलेली असेल तर एका उधाणात सगळे खारे होते.

शाळेचेही तसेच. नेतृत्व हा बांध, पोरांच्या मनातली भीती आणि अपमान हा क्षार, आणि तंत्रज्ञान हे बियाणे. आपण बियाण्याच्या पिशव्या आणून ठेवल्या आहेत आणि बांधाकडे पाहिलेले नाही.

पूर्वी हा बाहेरकाठा गाव मिळून राखत असे. खांड पडली की घरटी माणूस फावडे-घमेले घेऊन जाई. १९४८ चा खारजमीन कायदा आला, पुढे १९७९ चा खारजमीन विकास कायदा आला. सरकारने जबाबदारी घेतली हे योग्यच झाले, पण त्याबरोबर गावाने फावडे खाली ठेवले. खांड दिसली की अर्ज करायचा आणि वाट पाहायची ही रीत पडली. गावच्या शाळेची गोष्ट याहून वेगळी नाही. जिल्हा परिषदेने शाळा चालवायची आणि गावाने पंधरा ऑगस्टला झेंड्याला जायचे, एवढेच नाते उरले आहे.

खुर्ची नसलेला मुख्याध्यापक

नेतृत्वावर व्याख्याने देणाऱ्यांनी आधी कायदा वाचावा. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात पहिली ते पाचवीच्या शाळेला मुख्याध्यापक मिळतो तो पट दीडशेच्या वर असेल तर. सहावी ते आठवीला शंभरच्या वर. आपल्या वाड्यांवरच्या शाळांचा पट पंधरा, वीस, फार तर चाळीस. तिथे मुख्याध्यापक नसतो. दोन शिक्षकांपैकी जो जुना तो ‘प्रभारी’. चार इयत्ता शिकवायच्या, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, मोबाइलवर रोज माहिती भरायची, आणि त्यातून वेळ उरला तर नेतृत्व करायचे. कायद्याचे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. ते कलम कागदावर सुखरूप आहे.

प्रभारीच्या वर केंद्रप्रमुख. १९९४ साली राज्याने केंद्रशाळांची योजना आणली. साधारण दहा शाळांमागे एक अनुभवी माणूस, ज्याने शाळाशाळांतून फिरून शिक्षकांना हात द्यायचा. राज्यभर ४,८६० पदे ठरली. कल्पना उत्तम होती. पण यातली पुष्कळ पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली, आणि जिथे माणूस होता तिथे त्याचा टपालवाला झाला.

हे पद नीट वापरले तर काय होते याचे उदाहरण सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटने घालून दिले आहे. तिथे प्रतिभा भराडे या शिक्षण विस्तार अधिकारी होत्या. त्यांच्याकडे चाळीस शाळा. त्यांनी नवी इमारत मागितली नाही की यंत्रे मागितली नाहीत. शिक्षकांबरोबर बसून, वर्गात स्वतः उभे राहून, मूल स्वतः करून कसे शिकते याची पद्धत बसवली. फरशीवर अंक-अक्षरे आली, पोरे गोल करून बसू लागली, हाताळायला खडे, काड्या, बिया आल्या. राज्यभरातून हजारो शिक्षक ते पाहायला गेले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयामागे या कामाची प्रेरणा होती.

शेतकीत याला आम्ही प्रात्यक्षिक म्हणतो. शेतकरी व्याख्यान ऐकून वाण बदलत नाही. शेजारच्या शेतात उभे पीक पाहून बदलतो. विस्तार अधिकारी बांधावर आला तर शेती बदलते, कार्यालयात बसला तर फायली वाढतात. शिक्षकही तसाच बदलतो. मात्र हीच गोष्ट शासन निर्णयाने सर्वत्र पाठवली तेव्हा बऱ्याच ठिकाणी फरशीला रंग पोचला आणि रंगामागचा विचार वाटेतच राहिला. प्रात्यक्षिकाचे परिपत्रक झाले की ते प्रात्यक्षिक उरत नाही.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातले. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकरी यांनी मिळून अशी उभी केली की प्रवेशासाठी रांगा लागल्या. पुढे गुरुजी तिथून गेले आणि खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला आले. बंद पडायच्या बेताला आलेली ती छोटी जिल्हा परिषद शाळा पुन्हा भरली, आणि २०२५ साली जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत तिला लोकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण तिच्यातून प्रश्नही निघतो. एका माणसाबरोबर शाळा उठते, तर तो माणूस गेल्यावर काय? कोकणात तर हा प्रश्न दरवर्षी पडतो. घाटावरून, मराठवाड्यातून आलेले शिक्षक इथे नोकरीला लागतात आणि आंतरजिल्हा बदलीने घरी जातात. त्यांनी घराजवळ जाऊ नये असे कोण म्हणेल? पण त्यांच्या जागी माणूस येईपर्यंत वर्ग रिकामा राहतो आणि सुरू केलेले काम मोडते.

म्हणून खरे नेतृत्व गावात रुजलेले हवे, आणि त्याची तरतूद कायद्यात आहे. कलम २१ प्रमाणे प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती. तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या जागी बाया. शाळेचा विकास आराखडा करायचा, पैशाचा विनियोग पाहायचा, शाळेच्या कामावर देखरेख ठेवायची, हे अधिकार या समितीचे. सहकारी सोसायटीच्या निवडणुकीला आपण रात्र जागवतो. शाळेच्या समितीवर मात्र कुणाला घ्यायचे ते गुरुजींनीच ठरवावे आणि सह्या घरी येऊन घ्याव्यात, अशी आपली अपेक्षा असते. बांधाला खांड आहे ती इथे.

मनातला क्षार

‘भावनिक शिक्षण’ हा शब्द ऐकला की आपल्या लोकांना हसू येते. पोराला लिहिता-वाचता येईना, आणि हे भावना शिकवणार! हसण्याआधी कातकरवाडीतल्या पोराकडे पाहा. दिवाळी झाली की आई-बाप वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातात, पोर मागे-मागे जाते. पावसाळ्याच्या तोंडी परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. घरात बोलतो ती कातकरी बोली, पुस्तकातली मराठी निराळी. चुकले की हशा होतो. मग ते पोर बोलायचेच बंद करते, आणि गप्प पोर म्हणजे मठ्ठ पोर असा शिक्का बसतो. ते मठ्ठ नसते, घाबरलेले असते. घाबरलेल्या मनात अक्षर रुजत नाही. खाऱ्या मातीत रहू टाकावा तसे ते कुजते.

आणि हे कातकऱ्यांपुरते नाही. रायगड जिल्ह्यातल्या पोरांनी गेल्या काही वर्षांत काय काय पाहिले ते आठवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने घरांवरची आणि शाळांवरची छपरे नेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळिये दरडीखाली गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापुरातली इर्शाळवाडी गाडली गेली. आश्रमशाळेत शिकायला बाहेर असलेली काही पोरे वाचली, पण त्यांना परतायला घर उरले नाही. अशा पोराशी कसे बोलावे हे ज्या शिक्षकाला कळत नाही त्याची गणिताची पदविका काय कामाची?

महाराष्ट्रात या कामाचा जुना धागा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने बाराशे भूकंपग्रस्त मुलांना शिकायला पुण्याला आणले. आघात सोसलेल्या मुलांसोबतच्या त्या कामानंतर २००९ साली त्यांच्याच प्रतिष्ठानाने बीड जिल्ह्यातल्या पाचशे शाळांत ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रम सुरू केला. पुढे तो राज्यभर गेला. त्यात उपदेशाचे धडे नव्हते. जोडीने, गटाने काम करायचे, दुसऱ्याचे ऐकून घ्यायचे, वर्गाचे नियम मुलांनीच ठरवायचे, असे साधे उपक्रम. दिल्ली सरकारने २०१८ साली शाळांत रोजचा आनंदाचा तास सुरू केला, त्याच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट.

आपल्याला तर बीडलाही जायला नको. पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी शिक्षणाची तीन अंगे सांगितली: योग, उद्योग आणि सहयोग. मन स्थिर करणे, हाताने काम करणे, एकमेकांबरोबर राहायला शिकणे. आज परदेशी शब्दांची पाटी लावून जे येते आहे त्यातले निम्मे गागोद्याच्या माणसाने सांगून ठेवले होते.

आणि यात खर्चाचे काही नाही. पोषण आहाराच्या पंगतीत कातकऱ्याचे पोर कडेला बसते की मध्ये, हे पाहायला पैसा लागत नाही. पहिली-दुसरीत गुरुजींनी बोलीतले चार शब्द बोलायला पैसा लागत नाही. छडी आणि अपमान तर कलम १७ नेच बंद आहेत. गावाने एवढेच करायचे: ‘चार फटके द्या पण शिकवा’ असे गुरुजींना सांगणे थांबवायचे.

यंत्र शेवटी, पण अवश्य

मी यंत्राच्या विरुद्ध नाही. ज्याने पॉवर टिलर चालवला तो यंत्राला कसा नको म्हणेल? पण टिलर घेताना आपण सुटे भाग कुठे मिळतात ते आधी विचारतो. शाळेचा पडदा घेताना हे कुणी विचारत नाही.

१९८७ साली ‘खडू-फळा मोहीम’ आली. शाळाशाळांत विज्ञानाच्या, गणिताच्या साहित्याच्या पेट्या पोचल्या. पुष्कळ पेट्या कपाटातच राहिल्या, कारण वस्तू फुटली तर डेडस्टॉक रजिस्टरला जबाबदार गुरुजी. न वापरलेली वस्तू सुरक्षित, वापरलेली धोक्याची! पेटीच्या जागी संगणक आला, संगणकाच्या जागी मोठा टीव्ही, रजिस्टर तेच. वीजबिल थकले म्हणून शाळांची जोडणी तोडल्याच्या बातम्या तर आपण कितीदा वाचल्या. आणि कोकणचा पावसाळा यंत्राला काय करतो ते सांगायला नको.

दूरच्या पेरू देशाने २००८ पासून लाखो मुलांना लॅपटॉप वाटले. २०१२ साली तपासणी झाली तेव्हा भाषेत आणि गणितात काही फरक पडलेला दिसला नाही. उलट शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याला संदीप गुंड गुरुजींनी कमी खर्चाचा स्पर्शफळा बसवला, विजेची अडचण सौर ऊर्जेने सोडवली, आणि गावाने वर्गणी काढली. यंत्र दोन्हीकडे होते. पष्टेपाड्याला शिक्षक आणि गाव यंत्राच्या आधी उभे होते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो पुस्तकात चौकोनी कोड छापून त्यामागे कविता, धडे ऐकायची सोय केली म्हणून. महागडे यंत्र नव्हते. घरातला साधा मोबाइल कामाला आला.

आपल्या वाडीच्या शाळेत यंत्राचे खरे काम एकच आहे. एक गुरुजी, चार इयत्ता. पहिली-दुसरीला वाचायला बसवले असताना चौथीने तेवढा वेळ ऐकावे, पाहावे, सोडवावे. तेवढ्यासाठी यंत्र मोलाचे. गुरुजींच्या जागी मात्र यंत्र चालत नाही. २०२० च्या टाळेबंदीत ते आपण पाहिले: डोंगरावर रेंज शोधत पोरे बसली आणि वर्षभराने वाचन विसरून परत आली.

‘बंद पडू द्या’ म्हणणाऱ्यांना

आपल्यातलेच काही मित्र म्हणतात, सरकारी शाळा म्हणजे सरकारी दूध योजनेसारखी. बंद पडू द्या, बाजार सोय करील. बाजारावर माझाही भरवसा आहे. पण ज्या वाडीत बारा पोरे आहेत तिथे कुठला संस्थाचालक शाळा काढणार? २०२३ साली शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार मांडला तेव्हा अशा शाळा राज्यात १४,७८३ होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले होती. शाळेमागे बारा-तेरा पोरे. कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. ती चार किलोमीटरवर गेली की आधी मुलगी घरी बसते, मग कातकऱ्याचे पोर. २०२४ च्या मार्चमधल्या संचमान्यतेच्या निर्णयाने लहान शाळांवरची शिक्षकांची पदे कमी होऊ लागली, म्हणून त्या सप्टेंबरात शिक्षकांनी सामूहिक रजा काढली. शिक्षक रस्त्यावर आले तेव्हा आपण लावणीनंतरच्या कामात होतो. पोरे मात्र आपली होती.

मेळाव्यापुढे ठेवायचे ठराव

पहिला: ग्रामसभेच्या संमतीशिवाय वाडीची कुठलीही शाळा बंद किंवा विलीन करू नये, आणि प्रत्येक शाळेला किमान दोन नियमित शिक्षक द्यावेत.

दुसरा: जिल्ह्यातली केंद्रप्रमुखांची रिकामी पदे भरावीत, त्यांच्याकडून टपालाचे काम काढून घ्यावे, आणि पर्यायी शिक्षक हजर झाल्याशिवाय बदली झालेल्या शिक्षकाला कार्यमुक्त करू नये.

तिसरा: दिवाळीआधी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी करून प्रत्येक मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यावे, आणि जी पोरे मागे राहू शकतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू करावे.

चौथा: शाळेला यंत्र द्यायचे तर वीजबिलाची आणि दुरुस्तीची तरतूद त्याच आदेशात हवी. वापरताना बिघडलेल्या वस्तूची वसुली शिक्षकाकडून होऊ नये.

पाचवा ठराव सरकारसाठी नाही, आपल्यासाठी आहे. प्रत्येक गावातल्या आपल्या कार्यकर्त्यांपैकी ज्यांची पोरे शाळेत आहेत त्यांनी, विशेषतः बायांनी, व्यवस्थापन समितीत बसावे. ‘असर’च्या पाहणीत २००५ पासून एक सोपी रीत वापरली जाते: दुसरीच्या पातळीचा छोटा उतारा मुलाच्या हाती द्यायचा आणि वाचायला सांगायचे. आपणही वर्षातून दोनदा, जुलैत आणि शिमग्यानंतर, हे करावे. गुरुजींना पकडण्यासाठी नव्हे. कोणते पोर कुठे अडले आहे ते गुरुजींबरोबर बसून पाहण्यासाठी. बांधावरून फेरी मारणारा शेतकरी खांड लहान असतानाच बुजवतो.

समितीची पुढची बैठक कधी आहे, ते मेळाव्याहून परत गेल्यावर गुरुजींना विचारा. तारीख ठरलेली नसेल तर ठरवून घ्या, आणि त्या दिवशी शेताचे काम दोन तास उशिरा सुरू करा.